कळशीला चार पळ्या

माझी बहीण मैना हिचं लग्न १९६१ च्या वैशाखात झालं आणि ती महाडजवळच्या नाते गावी नांदायला गेली. तिच्या पहिल्या नागपंचमीला तिला माहेरी आणायला माझा थोरला भाऊ हैबती गेला आणि तिथं त्याने बापू वैशंपायनांचा मका पाहिला. आम्ही औषध मारलं ते पुढच्या वर्षी, १९६२ च्या पावसाळ्यात. पण सुरुवात त्या नागपंचमीची.

बापू मुंबईची नोकरी संपवून गावी येऊन राहिलेले गृहस्थ. त्यांची सुपारीची बाग होती आणि नवं काही निघालं की ते आपल्या जमिनीत करून बघण्याची हौस होती. मैनाच्या सासऱ्यांचं रान त्यांच्या बांधाला लागून होतं. हैबती बांधावरून चालला होता, तो मक्यापाशी थांबला. मक्याच्या दोन ओळींमध्ये माती दिसत होती. श्रावणात आमच्याकडे मोकळी माती दिसते ती घरातल्या जमिनीची. बाहेर बघाल तिथं हिरवं.

हैबतीने विचारलं, "बापू, किती बायका लावल्या बेणायला?"

"एकही नाही," बापू म्हणाले. "औषध मारलं. मका ठेवतं आणि तण मारतं."

"मक्याला कसं कळतं?"

"मक्याला काही कळत नाही रे. औषधाला कळतं."

हैबती मैनाला घेऊन घरी आला तो तिची खुशाली सांगायच्या आधी हेच सांगायला लागला.

त्याचं कारण होतं. बेणणी म्हणजे पिकातलं तण खुरप्याने काढणं. आमची वाडी उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर. खाली ओढ्याकाठी थोडी भातखाचरं आणि वर उतारावर वरकस रान. त्यात नाचणी, वरी आणि घरापुरता मका. वरकसात तण पिकाच्या आधी उठतं. ते काढायला श्रावणभर बायका उकिडव्या बसून पुढे सरकत राहतात, वर पाऊस आणि खाली चिखल. नांगर, बांध, कापणी ही पुरुषांची कामं. बेणणीला पुरुष बसत नसे. का नसे ते कोणी विचारत नव्हतं.

हैबतीच्या बायकोला, माझ्या जनीवहिनीला, दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा श्रावणात, बेणणीच्या दिवसांत, तिचं पोट पडून मूल गेलं होतं. दुसऱ्या वेळी तिला डोलीत घालून पोलादपूरला आणि तिथून महाडला नेली. महाडचा डॉक्टर म्हणाला, आता पुन्हा दिवस गेले तर उकिडवं बसून काम करायचं नाही. परत गेलं तर बाईचंही काही सांगता येणार नाही.

आईला हे पटलं नाही. माझ्या आईचं नाव आनंदीबाई. वडील आम्ही लहान असताना गेले, तेव्हापासून घर तिच्या शब्दावर चालत होतं.

"बेणणीनं पोरं जात असती," ती म्हणाली, "तर या डोंगरात माणूस उरला नसता. या हैबतीच्या येळी मी आदल्या दिवसापर्यंत रानात होते. डॉक्टरला काय, त्याची बायको खुर्चीवर बसते."

"तिचं बेणणं मी करीन," हैबती म्हणाला.

"तू?" आई हसायलाच लागली. "जा, बस. लुगडं देऊ का माझं? पलीकडच्या वाडीला दिवाळीपर्यंत पुरेल तेवढं हसू होईल."

हैबतीने विषय सोडला. तो भित्रा नव्हता, पण बेणायला बसलेला पुरुष त्यानेही कधी पाहिला नव्हता.

म्हणून १९६२ च्या उन्हाळ्यात वहिनीला पुन्हा दिवस राहिलेत असं कळलं तेव्हा हैबतीने कोणाला न विचारता नाते गाठलं. पंप मारणं हे पुरुषाचं काम होतं. त्याला कोणी हसणार नव्हतं.

बापूंनी त्याला औषधाचा डबा दिला, आपला पितळी पंप द्यायचं कबूल केलं आणि नव्या पिवळ्या मक्याचं बी दिलं. डब्यावर कागद होता, पण तो इंग्रजी. आमच्या घरात तेव्हा मराठीही कोणाला वाचता येत नव्हतं. मी अक्षरं शिकलो ती फार पुढं. बापूंनी जे सांगितलं ते हैबतीने तोंडपाठ केलं आणि वाटभर घोकत आला. मला, आईला, वहिनीला, सगळ्यांना ऐकवलं.

"कळशीला चार पळ्या. मका वीतभर असताना मारायचं, गुडघ्याच्या वर गेला की नाय. वारा असला तर नाय. पंप तीनदा धुवायचा."

आई म्हणाली, "एवढी घोकंपट्टी देवाच्या नावाची केली असतीस तर."

मृगात आम्ही मका पेरला. दर वर्षी घराजवळ थोडा असे, त्या वर्षी वरकसाचा मोठा तुकडा मक्याखाली घातला. वहिनीने रिवाजाप्रमाणे मक्याच्या मधून चवळी आणि काकडी टोचली. ती बायकांची. मक्याच्या ताटावर चवळी चढते, काकडी खाली पसरते. पेरणीत हे असतंच, म्हणून कोणाच्या लक्षातही राहत नाही. बापूंना हैबतीने ते सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नाही.

मका वीतभर झाला तेव्हा भाताची रोपं लावणीला आली होती. लावणी आली की घरातलं मांजरसुद्धा खाचरात असतं. हैबती एकदा म्हणाला, "सदू, मका वीतभर झालाय." आईने ऐकलं.

"भात आधी," ती म्हणाली. "मका काय, कणसं भाजून खायची. भात नसलं तर काय भाजशील?"

तिचं म्हणणं चूक नव्हतं. आणि पंपही तेव्हा मोकळा नव्हता. बापू सुपारीच्या घोसांवर औषध मारत होते. लावणी आटोपली, हैबती जाऊन पंप घेऊन आला, तर पावसाने धार धरली. आषाढ सरेपर्यंत उघडीप म्हणून मिळाली नाही. दरम्यान डुकरांनी मक्याचा वरचा कोपरा, पऱ्याच्या, म्हणजे पावसाळी ओहोळाच्या, कडेचा, उकरून टाकला होता. तिथं मी पुन्हा बी टोचलं.

श्रावण लागला आणि ऊन पडलं. तोवर मका माझ्या छातीला लागत होता. काही ताटांच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, हात लावला तर आत तुरा जाणवत होता. खाली टाकळा आणि कुर्डू मांडीएवढे. वहिनीला सातवा लागत होता.

"दादा, बापू म्हणाले होते वीतभर," मी म्हटलं.

"म्हणाले होते."

"मग?"

"मग काय? तण पण छातीला येऊ देऊ? वीतभर असताना मारायचं म्हणजे लौकर मारायचं. लौकर नाय जमलं, आता उशिरा मारू. मारायचंच नाय असं म्हणाले नाय ते."

"गुडघ्याच्या वर नको म्हणाले होते."

हैबतीने वहिनीकडे पाहिलं. ती पडवीत तांदूळ निवडत होती आणि ऐकत होती. "मग तिला पाठवू बेणायला?" तो म्हणाला.

त्याने वहिनीला खालच्या घरी, चुलत्यांकडे, पाठवून दिलं. औषधाचा वास तिला लागू नये म्हणून. मग स्वयंपाकघरात गेला आणि पळी घेऊन निघाला.

"पळी कुठं नेतोस रे?" आई मागून ओरडली. "आमटी काय ओंजळीनं वाढू?"

"मापाला पाहिजे. कळशीला चार पळ्या."

"आणि मग तीच परत आमटीत घालू व्हय? विष ते!"

"नवी आणीन पोलादपूरहून."

आईने कपाळावर हात मारला. पळी लोखंडाची होती, माझ्या आजीच्या हातची, खोलगट. वर्षानुवर्षं वापरून तिचा काठ एका बाजूने झिजला होता.

डबा उघडला तर फिनेलसारखा वास आला. औषध काळपट, पण कळशीत पडलं की पाणी दुधासारखं होई. एक, दोन, तीन, चार. पंपाची एक नळी बादलीत, मी दांडा वरखाली करायचा, हैबतीने लांब नळी धरून ओळीओळीने जायचं. मका उंच, म्हणून त्याने नळी वर धरली. तुषार पोंग्यातच उतरत होते.

दुसरी कळशी करताना मी डबा उचलून बघितला. "दादा, हा सगळ्या रानाला पुरून उरेल म्हणाले होते ना बापू? हा तर आताच हलका लागतोय."

"बापूंच्या हाताला पुरत असेल. बामणाचा हात. मोजून घालणार, मोजून खाणार."

"चारच ना पण?"

"चार म्हणजे चार. मी रस्ताभर काय घोकलं मग?"

रानाचा चौथा हिस्साही झाला नसेल, डबा संपला. हैबतीने उलटा करून ठोकला, हलवला. मग बाकीच्या मक्याकडे पाहिलं.

"चला, पंप धुवा," तो म्हणाला.

पाणी जवळ म्हणून आम्ही पऱ्याच्या कडेला गेलो. पंप धुवायचा तर नळीतूनही पाणी जायला हवं, म्हणून डब्यात आणि बादलीत जे काही चिकटलं होतं ते पाण्यात विसळून मी दांडा मारला आणि हैबतीने ते धुवण जवळच्या कोपऱ्यावर उडवलं. डुकरांनी उकरलेला, मी नंतर पेरलेला तो कोपरा. तिथं मका वीतभर होता. पण त्या वेळी आमच्या मनात तसलं काही नव्हतं. पंप धुवायचा होता, धुतला.

संध्याकाळी टाकळ्याचे शेंडे लवले. दुसऱ्या दिवशी कुर्डू पिळलेल्या दोरीसारखा वाकडा झाला. हैबती एवढा खूश की त्याने पलीकडच्या वाडीतल्या नाथूला हाका मारून बोलावलं आणि दाखवलं. नाथू म्हणाला, "भुताटकी हाय रे ही." हैबतीला ते फार आवडलं.

वहिनी खालच्या घरून परत आली ती सरळ रानात गेली. कडेला उभी राहिली. चवळीचे वेल ताटांवरून सुटून खाली पडले होते, पानं वळली होती. काकडीची तर काडीसुद्धा ओळखू येत नव्हती.

"माझी चवळी काय तण होती?" ती म्हणाली.



मग मक्यावरचा परिणाम दिसायला लागला. नवी पानं उलगडेनात. ती कांद्याच्या पातीसारखी गुंडाळून वर यायची, आत तुरा कोंडलेला. ताटं गुडघ्यापाशी वाकडी होऊन परत वर वळत होती. बुंध्याची आधाराची मुळं वेगवेगळी जमिनीत शिरायची ती एकमेकांना चिकटून बदकाच्या पायासारखी झाली होती. हैबती एका ताटाला सरळ करायला गेला, तर ते काकडी मोडावी तसं कट्कन मोडलं. त्याने दुसऱ्याला नुसता हात लावला. तेही मोडलं. तो मागे सरला, तर त्याच्या पाठीला लागून तिसरं.

"दादा, हलू नको," मी म्हटलं.

तो तिथंच थांबला आणि मग पाऊल बघत बघत आडवा बाहेर आला.

त्या पट्ट्यात आता कोणी शिरू शकत नव्हतं. गवत मात्र जिवंत होतं. टाकळा आणि कुर्डू गेल्यामुळे त्याला जागा मिळाली आणि ते जोरात वाढलं. ते काढायला बसलं तर मका मोडणार, न काढलं तर मका दबणार. तेवढ्या पट्ट्यात जनीवहिनीला बेणायला लागणार नव्हतं, हे हैबतीला हवं होतं तसं झालं. नारळी पौर्णिमेनंतर एक दिवस वारं सुटलं आणि तो सगळा पट्टा एका अंगाला झोपला.

पंप परत द्यायला आम्ही दोघं नात्याला गेलो. हैबतीने एक ताट मुळांसकट उपटून, पानात गुंडाळून खांद्यावर घेतलं होतं. बापूंनी ते ओटीवर ठेवून उलटंसुलटं बघितलं.

"केव्हा मारलंस?"

"श्रावणात."

"अरे! केवढा होता?"

हैबतीने हात छातीला लावला. बापूंनी डोळे मिटले. "पोंग्यात औषध साचलं. त्या वेळी मका भरभर वाढत असतो, ते सगळं ओढून घेतो. लहानपणी मारलं तर पचवतो. पण उशीर झाला तरी एवढं होत नाही रे. पाण्यात किती घातलंस?"

"तुम्ही सांगितलंत तेवढं. कळशीला चार पळ्या."

"चार पळ्यांनी मुळं अशी होणार नाहीत."

"चारच घातल्या. हा सदू होता. विचारा याला."

मी म्हटलं, "चारच बापू. पाचव्या कळशीला डबा संपला."

"पाचव्या?" बापू उठले. आत गेले आणि एक तांब्याची बारकी पळी घेऊन आले. संध्या करताना पाणी सोडायची असते ती, दांड्यावर नाग असलेली. दांडा वाकला म्हणून देवातून काढलेली होती. "ही पळी," ते म्हणाले. "मी याच मापाने घालतो."

हैबती ती हातात घेऊन बघत राहिला. तिच्यात त्याच्या अंगठ्याचं पेरसुद्धा बुडलं नसतं.

"पळी म्हणजे आमच्याकडं आमटीची," तो म्हणाला.

बापूंना हसू आलं. मग त्यांनी त्या ताटाकडे पाहिलं आणि ते थांबलं. "आमच्या घरात पळी म्हटलं की हीच. आमटी आम्ही डावाने वाढतो. माझ्या मनातच आलं नाही." मग म्हणाले, "वेळ चुकली आणि मापही चुकलं. एक चुकलं असतं तर थोडंफार हाताला लागलं असतं."

मला पऱ्याकडचा कोपरा आठवला. मी सांगितलं की पंपाचं धुवण जिथं उडालं, तिथं मका उभा आहे. हिरवा आहे, सरळ आहे. टाकळा मेलाय.

"केवढा आहे तो?"

"वीतभर होता. उशिरा पेरलेला."

"म्हणजे तेवढंच बरोबर झालं," बापू म्हणाले. "आणि तेही तुम्ही मारलं नाहीत."

"गवत का नाय मेलं?" हैबतीने विचारलं.

"मका गवताच्याच जातीचा. हे औषध गवताला सोडतं, म्हणून मक्याला सोडतं. रुंद पानाचं तेवढं मारतं."

"म्हणजे चवळी."

"चवळी होती का त्यात?"

परतताना हैबतीने काही घोकलं नाही. महाडला एसटीच्या स्टँडवर बसलो तेव्हा एवढंच म्हणाला, "वरचा मका आणि नाचणी, दोन्ही राहिलंय बेणायचं."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो खुरपं घेऊन नाचणीत जाऊन बसला.

आईला हे दुपारी कळलं. ती वर गेली तेव्हा तो घोंगडीची खोळ घेऊन वाकला होता, घोंगडी भिजून जड झाली होती आणि सारखी तोंडावर येत होती. आई बांधावर उभी राहिली. खाली आली आणि पडवीत टांगलेलं वहिनीचं इरलं काढून माझ्या हातात दिलं. "त्याला दे जा. घोंगडीनं काय बेणतात?"

इरलं बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं असतं. डोक्यापासून कमरेखाली सगळी पाठ झाकतं, आणि वाकलेल्या माणसाचे दोन्ही हात मोकळे राहतात. बेणणीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण ते घेतलं की लांबून आत कोण आहे ते कळत नाही. नुसतं पानांचं कासव सरकताना दिसतं.

आमची नाचणी ओढ्यापलीकडच्या वाडीतून सरळ दिसते. त्या वाडीतली ठमाबाई चार-पाच दिवसांनी पाणवठ्यावर आईला भेटली. मी गुरं धूत होतो.

"आनंदी, तुझ्या सुनेला सातवा ना गो?"

"हाय. मग?"

"मग काय विचारतेस? पहाटेपासून ती पोर नाचणीत. आमच्या पडवीतून सगळं दिसतं. दोन घालवलीस तरी तुझं पोट भरलं नाय?"

आणखी दोघी बायका होत्या. त्यांनी घागरी खाली ठेवल्या. मला वाटलं आता आई सांगून टाकेल. तिने कळशी घासून घेतली, भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली.

"माझी सून, माझं रान," ती म्हणाली. "तुझी पडवी तिकडं तोंड करून बांधली तो माझा काय दोष?"

"देव बघतो हो आनंदी."

"बघू दे. त्याला तरी इरल्याखालचं दिसत असेल."

घरी आल्यावर तिने हैबतीला समोर बसवून वाढलं. करवंटीला काठी लावून डाव केला होता, त्याने आमटी घातली. मग म्हणाली, "तुझ्या पोटऱ्या दिसतात."

"काय?"

"इरल्याखालून. केसाळ. ठमीची नजर घारीची हाय. उद्यापासून माझं जुनं लुगडं गुंडाळ खाली."

वहिनी चुलीपाशी होती. ती तोंडात पदर घालून हसत होती, आणि आई तिच्यावर ओरडली, "तुला काय झालं दात काढायला? आणि तू अंगणात दिसू नको. दिवसा बाहेर पडलीस तर दोन जन्या दिसतील लोकांना."

उरलेला श्रावण आणि अर्धा भादवा हैबतीने लुगडं गुंडाळून, इरलं घेऊन बेणणी केली. पुरा उरका नव्हता त्याला. कुठं नाचणीच उपटायचा, कुठं गुडघे धरून बसायचा. संध्याकाळी घरात सरळ उभं राहता येत नसे. "बायका हे कशा करतात?" असं त्याने एकदा विचारलं. आई म्हणाली, "कोणी विचारलं नाय म्हणून करतात." पलीकडची वाडी आईला नावं ठेवत होती. गौरीला आमच्याकडे फेर धरायला तिकडच्या बायका आल्या नाहीत. आईने त्या वर्षी गौरीपुढे एकटीनेच दोन गाणी म्हटली.

दसऱ्यानंतर वहिनी बाळंत झाली. पूर्ण दिवसांची, घरीच. मुलगी झाली. तिचं नाव रखमा. पऱ्याच्या कोपऱ्यातला मका तोवर तयार झाला होता. भरलेली कणसं निघाली ती तिथलीच आणि वरच्या न फवारलेल्या रानातली. पडलेल्या पट्ट्यात अधूनमधून मिळालं ते कणीस दातपडक्या म्हाताऱ्यासारखं, मधे मधे दाणे. ते गुरांना घातलं. बापूंनी पुढल्या वर्षी आपली तांब्याची पळी मैनाबरोबर पाठवून दिली. ती आमच्या घरात अजून आहे. हैबतीने तिने औषध मारलं, लावणीच्या आधी, मका वीतभर असताना, आणि चवळी वेगळ्या रानात लावून. ते बरं झालं. पण नाचणीला ते औषध त्याने कधी मारलं नाही. बापू म्हणाले होते की नाचणीचं मला माहीत नाही. नाचणी तो बेणायचा. आई असेपर्यंत इरलं घेऊन.

वहिनीला अनेकदा ठमाबाईला खरं सांगायचं होतं. आपल्या सासूला लोक नावं ठेवतात हे तिला सोसत नव्हतं. "आत्याबाय, सांगू का मी?" असं ती विचारायची.

"सांगून बघ," आई म्हणायची. "तुझी जीभ आणि माझी सांडशी. मला कडू म्हणतात तर म्हणू दे. माझ्या पोराला बायलेचा बैल म्हटलेलं मला चालायचं नाय."

पलीकडच्या वाडीत नव्या सुना आल्या की त्यांना सांगत, आनंदीबाईच्या घरात पडली नाहीस ते तुझं नशीब. सातव्या महिन्यात सुनेला चिखलात बसवली होती तिने. आईच्या कानावर हे येई. ती ऐकून घेई आणि आपल्या कामाला लागे.

आईच्या बाराव्याला ठमाबाई आली. बसली, रडली, मग सवयीने म्हणाली, "बाई करडी होती. पण जनी, तू सोसलंस हो."

वहिनी म्हणाली, "मी नव्हते गो ठमाबाय. त्या वर्षी नाचणीत मी नव्हते. हे होते, इरल्याखाली. मी घरात झोपून होते. आत्याबायनीच झोपवलं होतं."

हैबती दारातच होता. त्याने मान हलवली. मीही सांगितलं.

ठमाबाईने आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं. मग वहिनीच्या हातावर हात ठेवला. "मेल्या माणसाची बाजू घ्यावी, चांगलं हाय," ती म्हणाली. "पण मी या डोळ्यांनी बघितलं गो. तूच होतीस. लुगडंसुद्धा आठवतंय मला."

आनंदीबाई, माझी आई, १९६९ सालच्या फाल्गुनात, होळीच्या आदल्या दिवशी दुपारी वारली. तेव्हा रखमा सहा वर्षांची होती.